‘प्लास्टिक प्रायमर’च्या स्टिकरखाली काय निघालं

गेल्या चवथीच्या आधी जुन्या गाडीचा खरचटलेला बंपर घरीच स्प्रेने रंगवायला काढला. म्हापशातल्या एका दुकानातून प्लास्टिक प्रायमरचे 2 डबे, रंगाचे 2 आणि क्लिअरचा, म्हणजे वरून मारायच्या पारदर्शक थराचा, 1 आणला. 2650 रुपये. बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी हातात टेकवली. तिथूनच परत फिरायला हवं होतं.

काम मात्र मी मन लावून केलं. बंपर साबणाने धुतला, 600च्या वॉटर पेपरने घासला, कोरडा केला, प्रायमरचे पातळ हात दिले. रंग इतका छान आला की शेजारचे काका मुद्दाम बघून गेले. आठव्या दिवशी गाडी धुताना पाइपचा जोर नंबरप्लेटच्या कडेला लागला आणि रंग पापडासारखा उठला. नखाने ओढला तर तळहाताएवढा तुकडा अख्खा सुटला. खालचं काळं प्लास्टिक कोरं, प्रायमर सगळा रंगाच्या पाठीला.

दुकानदार म्हणाला, “पावसाचे दिवस ना, हवेत ओल असते. आणि तुमचा हात लागला असणार, तेलकट. परत करा, बसेल.” ओल असली की रंग पांढुरका पडतो हे खरंच आहे, म्हणून मला पटलं. आणखी 1750 मोजून आलो! तोही सुटला.

मग डिचोलीच्या एका पेंटरकडे गेलो. त्याने बंपर उलटा केला, आतल्या बाजूचं >PP< हे अक्षर दाखवलं. “हे पॉलिप्रॉपिलीन. याला साधा प्रायमर धरतच नाही. आधी अ‍ॅडहिजन प्रमोटरचा, म्हणजे प्रायमर प्लास्टिकला धरून राहावा म्हणून मारायच्या द्रवाचा, पातळ हात लागतो. आरशाच्या कव्हरवर ABS, म्हणजे दुसऱ्या जातीचं प्लास्टिक, असेल तर घासून चालून जातं.” मग माझा रिकामा डबा घेऊन स्टिकरची कड नखाने उचलली. खाली मूळ छपाई: लोखंड आणि लाकडासाठी. स्टिकरवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना छापील किंमत, ना महिना-वर्ष. पॅकबंद मालावर हे सगळं असावंच लागतं, आणि मी दोनदा घेताना एकदाही बघितलं नव्हतं.

डबा घेताना स्टिकरवर बोट फिरवा, खाली दुसरी कड लागते का बघा. पक्कं बिल घ्या. रंगवायच्या आधी बंपरच्या आतल्या कोपऱ्यात थोडा प्रायमर मारून, दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचाच. चवथीला गाडी सोललेल्या बंपरानेच गावाला गेली.