पोट उघडायचं, दुर्बिणीने पाहायचं की थांबायचं?

तातडीच्या शस्त्रक्रियेचं नाव निघालं की नातेवाईक विचारतात, "दुर्बिणीने नाही का होणार?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर रुग्णाच्या रक्तदाबावर ठरतं, व्रण केवढा राहील यावर नाही.

मार लागून पोटात रक्तस्राव होतोय, सोनोग्राफीत रक्त दिसतंय आणि रक्त चढवूनही वरचा रक्तदाब 90 च्या पुढे टिकत नाही, तर पोट उघडणं (लॅपरोटॉमी) हाच मार्ग. अशा रुग्णाला सीटी स्कॅनला नेण्यात वेळ घालवू नये. पोटाच्या मध्यरेषेवर, बेंबीला वळसा घालून लांब छेद घेतात. आधी चारही बाजूंना मोठे पॅड दाबून बसवतात; तेवढ्यात भूलतज्ज्ञ रक्त भरून काढतो. मग एकेक पॅड काढत रक्त कुठून येतंय ते शोधतात. लहान आतडं वीतभर वीतभर बोटांतून सरकवत, दोन्ही बाजूंनी पाहतात, कारण आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याकडचं भोक चरबीत दडतं. दुर्बिणीतून नेमकं हेच निसटू शकतं. याची किंमतही आहे: जास्त वेदना, जखमेत पू, पुढे छेदाच्या जागी हर्निया.

दुर्बिणीत 5 ते 10 मिलिमीटरची छिद्रं पुरतात. पण पोट कार्बन डायऑक्साइडने, साधारण 12 ते 15 मिलिमीटर पारा इतक्या दाबाने फुगवावं लागतं. त्याने शिरा दबतात, हृदयाकडे रक्त कमी परततं. आधीच रक्त गेलेल्या रुग्णाला ते झेपत नाही. आतडी फार फुगलेली असली तर आत पाहायला जागाच उरत नाही. रक्तदाब स्थिर आहे पण निदान पक्कं नाही, किंवा चाकूचा वार पोटाच्या आत पोचलाय का हे पाहायचंय, तेव्हा दुर्बीण उत्तम. जठराचं छोटं भोकही अनुभवी सर्जन तिने शिवतो.

सीटीत यकृताला किंवा प्लीहेला जखम दिसली, पण रुग्ण स्थिर असेल, तर बऱ्याचदा थांबता येतं. मात्र नाडी, हिमोग्लोबिन आणि पोट पुन्हा पुन्हा तपासायला हवं, रक्त व ऑपरेशन थिएटर तयार हवं.

एक फसवी अवस्था: पोट मऊ, वेदना मात्र असह्य. आतड्याची रक्तवाहिनी बंद पडलेली असू शकते. इथे लगेच सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) हवी. उशीर झाला तर आतडं मरतं.

दुर्बिणीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी 'गरज पडल्यास पोट उघडणे' आणि 'स्टोमा' (आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढणं) हे दोन्ही लिहिलंय का ते पाहा. मध्येच पोट उघडावं लागलं तर ती सर्जनची चूक समजू नका.