मॉडेल टीचं हँडल : गिलमोर कार म्युझियममधल्या वर्गाबद्दल

शंभर वर्षांपूर्वीची मोटार सुरू करायला आणि चालवायला शिकवणारा वर्ग जगात फार ठिकाणी मिळत नाही. मिशिगनमधल्या हिकरी कॉर्नर्स या खेड्यात, गिलमोर कार म्युझियमच्या आवारात तो मिळतो. फोर्डची मॉडेल टी ही त्यातली शिकवायची गाडी. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक व्यवसायाचा शिल्पनिदेशक होतो. निवृत्तीनंतर मुलीकडे कॅलमझूला गेलो, तिथून हे म्युझियम गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर. जावयांनी नाव नोंदवलं आणि मी एकटाच गेलो. वर्ग उत्तम आहे हे आधीच सांगतो. पण मला लिहायचंय ते मुख्यतः गाडी सुरू करण्याच्या हँडलबद्दल, कारण आमच्या व्यवसायातला सुरक्षिततेचा सगळा प्रश्न त्या एका लोखंडी दांड्यात सामावलेला आहे.

आधी थोडं जागेबद्दल. अपजॉन औषध कंपनीचे प्रमुख डोनाल्ड गिलमोर यांच्या खासगी संग्रहातून हे म्युझियम उभं राहिलं आणि १९६६ मध्ये लोकांना खुलं झालं. आवार नव्वद एकरांचं. जुनी लाकडी कोठारं हलवून आणून त्यांत गाड्या मांडल्या आहेत, आणि कॅडिलॅक, लिंकन, पिअर्स-ॲरो, फ्रँकलिन अशा गाड्यांची वेगळी दालनं त्याच आवारात आहेत. कॅलमझूतच पूर्वी तयार होणाऱ्या चेकर टॅक्स्याही पाहायला मिळतात. निवांत पाहायचं तर दिवस पुरत नाही.

वर्गाची सुरुवात गाडीच्या ओळखीने होते. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी तयार झाल्या. चार सिलिंडर, २.९ लिटर, वीस अश्वशक्ती. पायाशी तीन पेडल, पण त्यांतलं एकही ॲक्सिलरेटर नाही. डावं पेडल खाली दाबलं की लो गिअर, अर्ध्यावर न्यूट्रल, सोडलं की हाय. मधलं रिव्हर्स, उजवं ब्रेक. थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा वेग कमी-जास्त करणारी झडप, हाताने चालवायची, स्टिअरिंगखालच्या उजव्या लिव्हरने. डावं लिव्हर स्पार्कचं, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी केव्हा पडावी ते ठरवणारं. आपल्यापैकी चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही इथे नव्याने बसावं लागतं, आणि शिकवणारे वयस्क स्वयंसेवक हे जाणून असतात. त्यांनी एकदाही घाई केली नाही.

मी सुरुवातीलाच विनंती केली होती की मला हँडल मारायचंय. त्यासाठी पितळी रेडिएटरची गाडी निवडली. १९१६ नंतर फोर्डने पितळ सोडून दिलं, म्हणजे गाडी त्याआधीची, आणि तिला विजेचा स्टार्टर नाही.

शिक्षकांनी पहिल्यांदा स्विच बंद ठेवून हँडल फिरवायला लावलं. हा क्रम मला फार पटला. हातात इंजिनचं वजन आलं पाहिजे, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या इंधन-हवेच्या मिश्रणाचा विरोध, कुठे लागतं ते मनगटाला कळलं पाहिजे, मगच वीज जोडायची. हँडल स्प्रिंगच्या विरुद्ध आत ढकलायचं, दाते बसले की ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं. डावीकडे खाली, साताच्या आकड्याजवळ आणायचं आणि तिथून डाव्या हाताने वर ओढायचं. वरून खाली दाबायचं नाही. अंगठा बोटांच्याच बाजूला, मुठीभोवती गुंडाळायचा नाही.

डावाच हात का, हे त्यांनी विचारलं आणि थांबले. उत्तर आमच्याकडून यावं अशी त्यांची इच्छा होती. एका तरुण मुलीने दिलं, तेही बरोबर. इंजिनने उलटा फटका दिला तर वर ओढलेलं हँडल झटक्याने खाली जातं. बोटं आकड्यासारखी खालून लावलेली असली आणि अंगठा मोकळा असला तर ते बोटं उघडून निसटतं. उजवा हात वापरला तर माणूस हँडलवर आडवा येतो, आणि खालून वळसा घेऊन उजवीकडून वर येणारं हँडल त्याच हाताच्या हाडावर बसतं. मनगटाशी, अंगठ्याच्या बाजूला रेडियस हाडाचं टोक मोडतं त्या दुखापतीला अस्थितज्ज्ञ आजही शोफर्स फ्रॅक्चर म्हणतात. त्या काळात मोटारी सुरू करायचं काम बहुतेक शोफरच करत, आणि मोडायचे तेही त्यांचेच हात.

आता हा फटका येतो कसा? पिस्टन वर येत असताना, टीडीसी, म्हणजे सगळ्यांत वरचं टोक, गाठायच्या आधीच ठिणगी पडली तर स्फोट पिस्टनला आल्या वाटेने मागे लोटतो. इंजिन वेगात असताना ठिणगी आधी पडणं आवश्यकच असतं, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो आणि फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनच्या जड चाकाचा, वेग पिस्टनला पुढे नेतो. हाताने फिरवताना तो वेग नसतो. म्हणून सुरू करताना ठिणगी उशिरा पाडायची, इंजिन चालू झालं की टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे आणायचं. मॉडेल टीत हे काम चालकाने त्या डाव्या लिव्हरने करायचं. लिव्हर वर म्हणजे उशीर, खाली म्हणजे आगाऊ.

हँडलच्या दात्यांची रचनाही नीट पाहण्यासारखी आहे. दात्याची एक बाजू सरळ, दुसरी उतरती. इंजिन सुरू होऊन हँडलच्या पुढे धावलं की उतरती बाजू हँडलला बाहेर ढकलते आणि स्प्रिंग त्याला बाहेरच धरून ठेवते. म्हणजे इंजिन सुलट सुरू झालं तर माणूस वाचतो. पण इंजिन उलट फिरलं तर सरळ बाजू सरळ बाजूला भिडलेलीच राहते, हँडल सुटत नाही, आणि सगळा फटका हातात येतो. ज्या प्रसंगी सुटका हवी नेमक्या त्याच प्रसंगी हे दाते सुटत नाहीत. मी हे हँडल काढून हातात घेऊन पाहिलं. घडणीत कुठेही कसर नाही, पोलाद चोख आहे. उणीव रचनेत आहे.

फोर्डने गाडीबरोबर दिलेल्या माहितीपुस्तिकेत स्पार्कचं लिव्हर सुरू करताना साधारण तिसऱ्या किंवा चौथ्या खाचेवर ठेवायला सांगितलं होतं, आणि फार पुढे नेलं तर इंजिन उलटा फटका देईल अशी ताकीदही होती. हँडल खाली दाबू नका हेही त्यात होतं. म्हणजे कंपनीला धोका पूर्ण ठाऊक होता. तो टाळायचा भार तिने माणसाच्या आठवणीवर टाकला. इथले शिक्षक ‘तिसरी-चौथी खाच’ म्हणत नाहीत. ठिणगीची वीज बॅटरीतून घेऊन सुरू करताना लिव्हर पूर्ण वर, यात तडजोड नाही, असं सांगतात, आणि हँडलला हात लावण्याआधी प्रत्येकाला ते लिव्हर बोटाने दाखवून मोठ्याने बोलायला लावतात. हँडब्रेक मागे ओढलेला, स्पार्क वर, थ्रॉटल थोडी खाली. तिन्ही गोष्टी बोलून झाल्याशिवाय कुणी गाडीसमोर उभं राहायचं नाही.

हँडब्रेकचं महत्त्व वेगळं आहे. पेडलवर पाय नसताना या गाडीत तो ओढल्यावरच गाडी न्यूट्रलमध्ये जाते. विसरलात तर सुरू झालेली गाडी सरळ समोरच्या माणसावर चालून येते. थंडीत गिअरमधलं तेल घट्ट झालं की ब्रेक ओढूनही ती थोडी पुढे सरकू पाहते, म्हणून तेव्हाचे लोक मागचं एक चाक जॅकवर उचलून ठेवत. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला नवीन होती. इंजिन गरम असेल आणि एखादा पिस्टन योग्य जागी थांबलेला असेल, तर स्विच लावून स्पार्कचं लिव्हर खाली आणल्याबरोबर इंजिन हँडल न मारताच सुरू होतं. म्हणून कुणी स्विचशी खेळत असताना समोर उभं राहायचं नाही.

माझं मत असं झालं. मॉडेल टीतली खरी अडचण ही की लिव्हर चुकीच्या जागी असलं तरी हँडल तितक्याच सहज फिरतं. चुकीच्या क्रमाने गाडी कित्येकदा सुरूही होते. चूक पचली की माणूस तीच पुन्हा करतो, आणि मग एका सकाळी मनगट जातं. आमच्याकडे कृष्णाकाठच्या विहिरींवर जी किर्लोस्करची डिझेल इंजिनं हँडल मारून सुरू व्हायची, त्यांचं वेगळं आहे. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलल्याशिवाय ते इंजिन हाताने फिरतच नाही. लिव्हर उचललं की व्हॉल्व्ह उघडा राहतो, फ्लायव्हीलला वेग येतो, आणि पुरेसा वेग आला की लिव्हर सोडायचं. सोपा मार्ग आणि सुरक्षित मार्ग तिथे एकच आहे. तेही इंजिन निर्धोक नाही. वेग कमी असताना लिव्हर सोडलं तर ते उसळून मागे येतं, आणि शाफ्टवर गंज चढून हँडल अडकलं तर ते इंजिनबरोबर गरगरत राहतं, म्हणून शाफ्ट पुसून तेल लावायला मी मुलांना रोज लावायचो. तरीही क्रम चुकवायला जागा कमी, हे त्या रचनेचं मोठेपण.

मोटारींसाठी असा विचार कुणी केला नाही असं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सुरक्षित हँडलांची कितीतरी पेटंटं निघाली. एका जातीत हँडल आणि क्रँकशाफ्ट (हँडलने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) यांच्यामध्ये खटका असायचा आणि भोवती चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पक्कं केलेलं कडं. इंजिन उलट फिरलं की खटका सुटायचा किंवा रोलर त्या कड्यात अडकायचा, आणि फटका हाताऐवजी चासीला जायचा. दुसऱ्या जातीत हँडल आत ढकललं की जोडदांडीने स्पार्क आपोआप मागे यायचा. मला ही दुसरी कल्पना सगळ्यांत सुंदर वाटते. ज्या हालचालीतून धोका सुरू होतो तीच हालचाल धोका काढून टाकते, आठवण ठेवायचं काही उरत नाही. तिसरा उपाय मॅग्नेटोतला, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्रातला, इम्पल्स कपलिंगचा. हळू फिरताना ते मॅग्नेटोला अडवून धरतं आणि मग स्प्रिंगच्या झटक्याने सोडतं, त्यामुळे ठिणगी उशिराही पडते आणि जोरकसही. हा उपाय टिकला. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत तो आजही आहे.

या सगळ्यांवर पडदा पाडला तो चार्ल्स केटरिंग यांच्या विजेच्या स्टार्टरने. वर्ग संपल्यावर कॅडिलॅकच्या दालनात जावं ते याचसाठी. बायरन कार्टर हे मोटार उद्योगातले गृहस्थ १९०८ मध्ये वारले. एका बाईंची बंद पडलेली गाडी सुरू करून देताना हँडलचा फटका बसून त्यांचा जबडा मोडला आणि त्यातून ते गेले, म्हणून कॅडिलॅकचे हेन्री लेलँड यांनी हँडल घालवायचा निश्चय केला, अशी कथा सांगतात. कथेचे तपशील काहीही असोत, १९१२ च्या कॅडिलॅकवर स्टार्टर आला हे खरं. केटरिंग आधी नॅशनल कॅश रजिस्टरमध्ये होते आणि गल्ल्याच्या यंत्राला त्यांनी विजेची मोटर बसवली होती. तिथला धडा त्यांनी इथे वापरला. मोटरला सतत चालायचं नाही, काही क्षणच जोर लावायचाय, तेव्हा ती लहान असली आणि त्या क्षणांपुरती तिच्यावर जास्तीचा भार टाकला तरी चालतं. सुरू करताना चोवीस व्होल्ट आणि चार्जिंगला सहा व्होल्ट अशी त्यांची जोडणी होती. मॉडेल टीला कारखान्यातून स्टार्टर मिळू लागला तो १९१९ मध्ये. मधल्या सात वर्षांत किती मनगटं मोडली असतील याचा विचार मी त्या दालनात बराच वेळ करत होतो.

माझ्या हातून गाडी सुरू झाली तेव्हा लाकडी डब्यांतल्या, ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या चार कॉइलची गुणगुण आधी ऐकू आली आणि मग इंजिन लागलं. शिक्षकांनी लगेच स्पार्क खाली घेतला आणि आवाज एकदम मऊ झाला. टायमिंग पुढे आणल्याचा परिणाम इतक्या स्पष्टपणे कानाने ऐकायला मिळणं, हे फळ्यावर आकृती काढून मला वर्षानुवर्षं साधलं नव्हतं. गाडी चालवणं त्यामानाने लवकर जमतं. आवारातल्या रस्त्यांवर वर्दळ नसते आणि शिक्षक शेजारी बसलेले असतात.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यावहारिक. वर्ग उन्हाळ्याच्या मोसमात असतात, जागा मोजक्या असतात, तेव्हा नोंदणी आधी करावी. बूट सपाट तळाचे घालावेत, पेडलं अरुंद आहेत आणि जवळजवळ आहेत. सैल बाह्या, ओढणी, मनगटातलं कडं काढून ठेवावं. मनगटाचं किंवा खांद्याचं जुनं दुखणं असेल तर हँडल मारायचा आग्रह धरू नये, बघण्यातही पुष्कळ शिकायला मिळतं. मारायचंच असेल तर पोचल्याबरोबर सांगा, म्हणजे बिनस्टार्टरची गाडी तुमच्यासाठी ठेवता येते का ते शिक्षकांना पाहता येईल.