घरच्यांना हेल्दी जेवणाकडे वळवायचंय: एकदम की हळूहळू, ऑरगॅनिक आधी की घरचं आधी?

घरात एकाला पटलंय आणि बाकीच्यांना नाही, तर ठरवायच्या गोष्टी मुळात दोनच असतात. सगळं एकदम बदलायचं की हळूहळू, आणि जोर आधी ऑरगॅनिक मालावर द्यायचा की घरच्या स्वयंपाकावर. मी दोन्हीकडे आधी चुकीच्या टोकाने सुरुवात केली होती, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात.

आधी एकदमवालं सांगते. मी एका रविवारी कपाट रिकामं केलं, बिस्किटं, चिप्स, सॉस सगळं बाहेर, पांढरं पीठ बंद, साखर बंद, मीठ अर्ध्यावर. याचा फायदा खरा आहे, घरात नसलेली वस्तू खाल्ली जात नाही आणि रोज रोज वाद घालावा लागत नाही. पण दोन दिवस सगळे गप्प जेवले आणि तिसऱ्या दिवशी बाबांनी ताट समोर आल्या आल्या, एक घासही न घेता, वरून मीठ घेतलं. पदार्थ कसा झालाय हा प्रश्नच नव्हता, मी केलंय म्हणजे अळणीच असणार हे त्यांचं ठरून गेलं होतं, आणि हा विश्वास एकदा गेला ना की परत मिळवायला फार वेळ लागतो. मुलाच्या दप्तरात चिप्सची पाकिटं सापडायला लागली ती वेगळीच.

दुसरं कारण पोटाचं आहे आणि ते कुणी आधी सांगत नाही. तंतुमय पदार्थ एकदम वाढवले तर गॅस होतो, पोट फुगतं, आणि आधीच नाराज असलेला माणूस लगेच म्हणतो की बघ, तुझं हेल्दी मला सोसत नाही. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच त्रास होत असतो. आतड्यांना सवय व्हायला काही आठवडे द्यावे लागतात आणि सोबत पाणीही वाढवावं लागतं.

हळूहळूमध्ये नेमकं हेच सांभाळलं जातं. मी नंतर पिठापासून सुरू केलं, चार वाट्यांत एक वाटी कोंड्यासकट दळलेलं, दोन आठवड्यांनी दोन वाट्या, असं करत गेले. (असं पीठ थोडंच आणा, त्यात बीजांकुराचं तेल असतं त्यामुळे ते लवकर खवट होतं आणि खवट पिठाची एक पोळी पोरांनी खाल्ली की ते पीठ घरात कायमचं बदनाम.) मिठाचंही तसंच, जीभ कमी मिठाला सरावते पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा, आणि तिथपर्यंत एका उडीत कुणीच पोचत नाही. लहान मुलांना नवीन भाजी आवडायला तर ८ ते १५ वेळा चाखायला द्यावी लागते असं अभ्यासांत दिसलंय, आपण तिसऱ्यांदाच म्हणतो की याला आवडत नाही. एक घास ताटात ठेवायचा, खाल्ला तर खाल्ला, नाही तर नाही, जबरदस्ती केली की ती भाजी आणखी लांब जाते.

हळूहळूचा धोका एकच, ते मध्येच थांबतं. दोन वाट्यांवर आलं की तिथेच सहा महिने राहतं. मी कॅलेंडरवर पुढच्या बदलाची तारीख लिहून ठेवायला लागले तेव्हा कुठे ते पुढे सरकलं.

एक अपवाद मात्र ठेवा, गोड पेयं हळूहळू कमी करत बसू नका, आणणंच बंद करा. ३३० मिलीच्या एका कोल्ड्रिंकच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, आणि दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर जास्त चांगलं असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. पेय गेलं म्हणून कुणी उपाशी राहत नाही.

आता ऑरगॅनिक की घरचं. माझं मत स्पष्ट आहे, पैसा आणि ताकद दोन्हीला मर्यादा असेल तर आधी घरचं. ऑरगॅनिक हा शब्द पीक कसं वाढवलं ते सांगतो, पदार्थ किती पौष्टिक आहे ते नाही. ऑरगॅनिक साखर ही साखरच आहे आणि ऑरगॅनिक चिप्स हे चिप्सच. उलट २०१९ मध्ये अमेरिकेत केविन हॉल या संशोधकाच्या टीमने २० जणांवर प्रयोग केला, दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (म्हणजे कारखान्यात तयार झालेलं, पाकीटबंद) अन्न आणि दोन आठवडे साधं, हवं तेवढं खा म्हणून सांगितलं, तर पाकीटबंद प्रकारात माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढलं. म्हणून साध्या बाजारातली भाजी घरी शिजवणं हे महागड्या ऑरगॅनिक पाकिटापेक्षा मला कितीतरी पुढचं पाऊल वाटतं.

याचा अर्थ ऑरगॅनिक निरुपयोगी असं अजिबात नाही. कीटकनाशकांचे अंश त्यात सहसा कमी सापडतात, आणि जमिनीसाठी, शेतात राबणाऱ्यांसाठीही ते महत्त्वाचं आहे. ते महाग का तर शेत त्या पद्धतीत बदलायलाच साधारण २ ते ३ वर्षं जातात. तेव्हा घरच्या स्वयंपाकाची घडी बसली की निवडून घ्या, आधी जे सालासकट किंवा पानासकट खातो ते, म्हणजे पालेभाज्या, सफरचंद, द्राक्षं, स्ट्रॉबेरी. कांदा, अननस यांचं वरचं आवरण काढूनच खातो, ते थांबू शकतं. नुसतं लेबल बघू नका, प्रमाणपत्राचं चिन्ह बघा. आणि काहीही असलं तरी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साबण नको.

लपवून घालायचं का, हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात. लपवू नका. भाजी किसून घालायला हरकत नाही पण विचारलं तर खरं सांगा, कळल्यावर पुढचा प्रत्येक पदार्थ चमच्याने उकरून तपासला जातो.

मग एकदमवालं कुणी घ्यावं? घरातल्या सगळ्यांनी बसून आपणहून ठरवलं असेल त्यांनी, किंवा डॉक्टरांनी ताबडतोब बदल सांगितलाय त्यांनी. बाकी सगळ्यांनी हळूहळूच. आणि घरात कुणाला किडनीचा त्रास असेल किंवा डायबेटिसची, बीपीची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, खास करून कमी सोडियमवालं मीठ आणायच्या आधी, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी कमकुवत असलेल्या माणसाला ते महागात पडू शकतं.