फाउंड्रीची ट्रायल आणि एक्सबीआरएल: एक सॉफ्टवेअर वापरून झाल्यावर

कोल्हापुरात आमची छोटी सीए फर्म आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉप हे आमचे बहुतेक क्लायंट. त्यातल्या काहींची उलाढाल १०० कोटींवर पोचली, काहींचं भरणा भांडवल ५ कोटी झालं, आणि त्यांचे हिशेब एमसीएकडे (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे) एक्सबीआरएलमध्ये, म्हणजे प्रत्येक आकड्याला संगणकाला वाचता येणारं लेबल लावलेल्या फाइलमध्ये, भरणं आलं. एकदा या नियमात आलं की पुढे मंदीत उलाढाल घसरली तरी सुटका नाही, एक्सबीआरएल चालूच ठेवावं लागतं. हे काम आम्ही बाहेर द्यायचो. या हंगामात पहिल्यांदा एक्सेलवर चालणारं सॉफ्टवेअर घेऊन ऑफिसातच केलं. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. या जातीची पॅकेजेस साधारण अशीच चालतात, त्यामुळे जे सांगतेय ते दुसरं घेणाऱ्यालाही उपयोगी पडेल.

टॅलीतून ट्रायल (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) एक्सेलमध्ये काढायची, ग्रुपिंग करायचं (खाती ठरलेल्या शीर्षकांखाली घालायची), नोट्स लावायच्या, इथवर नेहमीचंच काम. पुढे प्रत्येक आकड्याला टॅक्सोनॉमीतला, म्हणजे लेबलांच्या ठरलेल्या यादीतला, टॅग लावायचा. आकडा कोणत्या तारखेचा किंवा कोणत्या वर्षाचा, रुपयात की नगात, किती अचूक, हे सगळं त्याच्याबरोबर जातं. बॅलन्स शीटवर ४१२.३७ लाख छापलं असेल तर फाइलमध्ये ४,१२,३७,००० जातात आणि सोबत ‘हजारापर्यंत अचूक’ अशी नोंद. हे रूपांतर सॉफ्टवेअरने चोख केलं. लाखाचे रुपये करताना कुठेही शून्य सरकलं नाही, आणि हाताने हे करून पाहिलेल्याला याची किंमत कळेल.

आता तक्रार. विकताना सगळा भर ‘ऑटो मॅपिंग’वर होता. लेजरचं (खात्याचं) नाव वाचून सॉफ्टवेअर स्वतः टॅग सुचवतं. पगार, वीज, बँकेचं व्याज इथे ते बरोबर चालतं. पण फाउंड्रीत स्क्रॅपची विक्री ही रोजची गोष्ट आहे. उत्पादनातूनच निघणारा माल, म्हणून शेड्यूल तीनप्रमाणे (कंपनी कायद्यातला हिशेबांचा नमुना) ती ‘अदर ऑपरेटिंग रेव्हेन्यू’त, म्हणजे धंद्यातूनच आलेल्या इतर उत्पन्नात, जाते आणि ऑडिट केलेल्या नफा-तोटा पत्रकात आम्ही ती तिथेच दाखवली होती. सॉफ्टवेअरने ती ‘अदर इन्कम’मध्ये, म्हणजे धंद्याबाहेरच्या उत्पन्नात, टाकली. एकूण उत्पन्न तेच, नफा तोच. एमसीएच्या व्हॅलिडेशन टूलने फाइल पास केली, प्री-स्क्रूटिनीही (भरण्याआधीची तपासणी) झाली. आमच्या एका आर्टिकलने (सीएच्या प्रशिक्षणार्थीने) सही झालेल्या पत्रकाशी ओळ न ओळ ताडून पाहिलं म्हणून सापडलं. तिचं मी सगळ्यांसमोर कौतुक केलं, कारण ही चूक कोणतंही यंत्र पकडणार नव्हतं.

व्हॅलिडेशन टूल एमसीएच्या साइटवरून फुकट मिळतं आणि ते उत्तम आहे. मालमत्ता आणि देणी जुळत नाहीत, सक्तीचा रकाना रिकामा आहे, टॅग जुन्या टॅक्सोनॉमीतला आहे, हे सगळं ते सांगतं. ते पाहतं की फाइल नियमात बसते का. ती खरी आहे का, हे तपासणं फॉर्म प्रमाणित करणाऱ्या सीएचं, सीएसचं (कंपनी सेक्रेटरी) किंवा सीएमएचं (कॉस्ट अकाउंटंट) काम. ‘सक्सेसफुल’ दिसलं की डीएससी (डिजिटल सही) लावायची घाई करणारी ऑफिसं मला माहीत आहेत आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. बँकेचा विश्लेषक किंवा रेटिंग देणारी संस्था आपली छापील बॅलन्स शीट उघडेलच असं नाही. डेटा घेणारा फाइलमधला टॅग लावलेला आकडाच उचलतो, मग टॅग चुकीचा असला तरी.

म्हणून ऑटो मॅपिंगला मी फारसे गुण देत नाही. गुण देते ते एका साध्या सोयीला: कोणत्याही आकड्यावर क्लिक केलं की तो कोणत्या लेजरांतून बनला आणि त्याला कोणता टॅग आहे, हे शेजारी दिसतं. स्क्रॅपचं आम्ही त्यामुळेच लगेच दुरुस्त करू शकलो. दुरुस्ती त्या क्लायंटपुरती जतनही झाली.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे मागच्या वर्षीची फाइल आत घेता येते. ती फाइल बाहेरच्या एजन्सीने त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली होती, तरी आमच्याकडे जशीच्या तशी उघडली आणि मागच्या वर्षाचे रकाने आपोआप भरले. एक्सबीआरएलचं खरं मोल इथे आहे. १९९८ मध्ये चार्ल्स हॉफमन या अमेरिकन अकाउंटंटने एक्सएमएल या टॅगच्या संगणकीय भाषेवर आधारलेली ही कल्पना मांडली. आपल्याकडे २०१०-११ च्या हिशेबांपासून ती सक्तीची झाली. कुणी बनवलं याला महत्त्व नाही, टॅग सगळ्यांचे सारखे. तुम्ही बाहेर काम देत असाल तर एजन्सीकडून नुसती पीडीएफ घेऊ नका, एक्सएमएल फाइल मागून ठेवा. ती तुमच्या क्लायंटची आहे.

उणिवा आणखी आहेत. संचालकांचा अहवाल वर्डमधून चिकटवला की तक्ते विस्कटतात. ट्रेड पेएबल्सचं एजिंग (पुरवठादारांचं कोणतं देणं किती जुनं), एमएसएमई (लघुउद्योग) वेगळे दाखवून, हाताने भरावं लागलं. रिलेटेड पार्टीच्या (कंपनीशी संबंध असलेल्या माणसांच्या आणि फर्मच्या) तक्त्यात एका कुटुंबातले चार भाऊ, त्यांच्या भागीदारी फर्म, भाड्याने दिलेली शेड असं सगळं असेल (आणि आमच्याकडे बहुतेक असतंच) तर स्क्रीन फार हळू होते. सपोर्टचा फोन सप्टेंबरात लगेच उचलला जायचा, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र लागेना. एजीएमनंतर (वार्षिक सभेनंतर) ३० दिवसांत एओसी-४ हा हिशेबांचा फॉर्म भरायचा, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये जादा शुल्क. त्याच आठवड्यात सपोर्टची गरज असते, त्यामुळे ही उणीव मी मोठी मानते.

पैशाचं म्हणाल तर बाहेर जेवढे द्यायचो त्याच्या निम्म्यात वर्षाचं लायसन्स पडलं, पण आर्टिकलचा वेळ दुप्पट गेला. मला तो गेलेला चालतो. ग्रुपिंग का करायचं, हे दोघी आर्टिकल या कामातून जेवढं शिकल्या तेवढं व्हाउचिंगमधून (पावत्या तपासण्यातून) शिकल्या नसत्या.

शेड्यूल तीनच्या साध्या कंपन्यांसाठी लायसन्स पुढच्या वर्षीही घेणार आहे. इंड एएसवाला (वेगळे, जास्त तपशिलाचे लेखा मानक पाळणारा) एक क्लायंट मात्र बाहेरच ठेवतेय, त्याच्या डिस्क्लोजरना हे सॉफ्टवेअर पुरत नाही. डेमो घेणार असाल तर त्यांची नमुना कंपनी पाहत बसू नका. आपल्या सगळ्यात गुंतागुंतीच्या क्लायंटची ट्रायल नावं झाकून त्यांना द्या, आणि टॅग लावून झाल्यावर उत्पन्नाच्या ओळी स्वतः उघडून पाहा.