हिरव्या दिव्यावर काळी पट्टी: ओलावा मीटर, आठ महिन्यांनंतर

हा अभिप्राय मी तिसऱ्यांदा लिहितोय. पहिला लिहिला मीटर हातात आल्याच्या चौथ्या दिवशी, पाच तारे. दुसरा धनुष्य मोडलं त्या रात्री, एक तारा, आणि तोही शून्य देता येत नाही म्हणून. दोन्ही खोडलेत. आता शांत डोक्याने लिहितो, म्हणजे निदान तसा प्रयत्न आहे.

मीटर तोच नेहमीचा: दोन पिना, वर टोपण, खिशात मावेल एवढा, लाकडाचे चार गट निवडायचं एक बटण. बाकीची यादी खोक्यावर छापलेली आहे, ती इथे उतरवत बसत नाही. मी तो घेतला धनुष्यासाठी लाकूड पारखायला. माझं पहिलं धनुष्य नकळत ओल्या लाकडाचं झालं होतं. ते मोडलं नाही, पण दोरी उतरवली तरी सरळ व्हायचं नाव घेईना. सात सेंटीमीटर वाक धरून बसलं. लाकडात ओल जास्त असली की पोटाकडचे, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूचे तंतू दाबले जातात ते दाबलेलेच राहतात. तेव्हा ठरवलं, यापुढे आकडा बघितल्याशिवाय लाकडाला रंधा लावायचा नाही. ८ ते १० टक्के, त्याच्या वर काही नको.

मीटरला फळीपेक्षा जास्त पैसे पडले. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या सगळ्या चिडचिडीचं मूळ तिथे आहे. एवढे पैसे मोजल्यावर माणूस यंत्राचं ऐकतो, स्वतःच्या डोळ्यांचं ऐकत नाही.

आता तो हिरवा दिवा. आकडा १५ टक्क्यांच्या खाली गेला की माझ्या मीटरवर हिरवा दिवा लागतो, त्याच्या वर पिवळा, अजून वर लाल. ही सोय भिंतींची ओल आणि जळाऊ लाकूड तपासणाऱ्यांसाठी आहे, असं पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलंय. वाचतो कोण? ॲशच्या (हे एक रुंदपर्णी विलायती झाड) फळीत पिना खुपसल्या, ९ आले, हिरवा दिवा लागला आणि फळी पास झाली असं मी धरून चाललो. कशात पास झाली, हे स्वतःला विचारलंच नाही.

फळी दिसायला देखणी होती. रुंद बाजूवर वलयांच्या, म्हणजे खोडाच्या वर्षागणिक वाढीच्या, रेषा कंगवा फिरवल्यासारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. टोकाच्या छेदावर वलयं चांगली जाड. ॲशच्या प्रत्येक वलयात हंगामाच्या सुरुवातीला वाढलेला भाग भोकाभोकांचा असतो आणि नंतरचा घट्ट. झाड फार सावकाश वाढलं तर भोकांच्या भागाचा वाटा वाढतो आणि लाकूड हलकं, कमजोर निघतं, म्हणून इथे रुंद वलय बरं. यूसारख्या सूचिपर्णी झाडाचं उलटं, तिथे बारीक वलयं हवीत. हे सगळं मला माहीत होतं आणि माहीत असल्याचा थोडा माजही होता.

एका टोकाला, जाडीच्या बाजूवर, केसाएवढी बारीक भेग होती. चारेक सेंटीमीटर लांब, किंचित तिरकी. फळी गरजेपेक्षा लांब होती, म्हणून ते टोक करवतीने उडवलं आणि तुकडा भंगाराच्या खोक्यात टाकला. त्या तुकड्याकडे परत यायचंय.

तीन आठवडे काम चाललं. टिलरिंगच्या, म्हणजे वाक सारखा करायच्या, खांबाला धनुष्य लावायचं, दोरी थोडी ओढायची, दोन्ही बाहू (मुठीच्या वरचा आणि खालचा भाग) सारखे वाकतात का बघायचं, जिथे ताठ दिसेल तिथे कानशीने खरवडायचं. इथे घाई चालत नाही. जाडी दहा टक्क्यांनी वाढली तर ताठपणा तेहतीस टक्क्यांनी वाढतो, कारण तो जाडीच्या घनाच्या हिशेबाने चालतो. चार हात कानस जास्त फिरली की गेलं. मी घाई केली नव्हती. २४ इंचांच्या ओढीवर फाटकन आवाज झाला आणि वरचा बाहू खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडला.

एका ताऱ्याचा अभिप्राय त्या रात्रीचा. दुसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला.

‘सर, कोणतं लाकूड मोजलंत?’

‘ॲश.’

‘जळाऊ का, सर? त्याला वीसच्या खाली चालतं.’

‘जळाऊ नाही हो. धनुष्य करतोय.’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ‘काय करताय, सर?’

शेवटी मीटर माझ्याच खर्चाने तपासणीला पाठवायचा असं ठरलं. एकोणीस दिवसांनी परत आला, सोबत एका ओळीची चिठ्ठी: दोष आढळला नाही. त्या ‘माझ्याच खर्चाने’बद्दल अजून बरंच लिहिता येईल, पण सोडतो, कारण दरम्यान मी घरच्या घरी त्यांना खोटं पाडायला निघालो होतो आणि खोटा मीच ठरलो.

मोडलेल्या बाहूचा तुकडा कापून वजन केलं: ८४.६ ग्रॅम. मग ओव्हन १०३ अंशांवर ठेवून दर दोन तासांनी वजन, ते उतरायचं थांबेपर्यंत. (आई म्हणाली, ‘अरे, ओव्हनमध्ये लाकूड? डोकं ठिकाणावर आहे ना?’) ७६.९ ग्रॅमवर काटा थांबला. उडालेलं पाणी ७.७ ग्रॅम, त्याला कोरड्या वजनाने भागायचं. ओल्या वजनाने नाही, इथे बरेच जण चुकतात. उत्तर १० टक्के. मीटर म्हणाला होता ९. एवढा फरक लाकडाचा गट चुकला तरी पडतो. पिनांचा मीटर लाकडातून विजेला किती अडथळा होतो तेवढंच मोजतो, त्याचे टक्के करताना जात लक्षात घ्यावी लागते.

म्हणजे मीटर खरं बोलत होता, आणि लाकूड ओलंही नव्हतं, वाजवीपेक्षा कोरडंही नव्हतं.

मग मोडलेली जागा नीट बघितली. चिवट लाकूड तुटतं तेव्हा लांबलांब सळ्या निघतात. कुजलेलं किंवा ठिसूळ लाकूड खडू मोडावा तसं आडवं मोडतं. माझं दोन्हींपैकी काहीच नव्हतं. बोरूचं टोक कापावं तसा गुळगुळीत, तिरका छेद. पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूवर, सुरू झालेला, पोटापर्यंत उतरलेला. १५ मिलिमीटर जाडी उतरायला त्याने १२ सेंटीमीटर लांबी घेतली होती.

भंगाराच्या खोक्यातून तो टोकाचा तुकडा शोधून काढला. चार सेंटीमीटरच्या भेगेची तिरप मोजली: पाच मिलिमीटर. म्हणजे आठाला एक: आठ लांबीला एक तिरपं. मोडलेल्या जागेचीही आठाला एक. तुकडा उभा धरून छेदावर पटाशी ठेवली, हातोडीचा एक ठोका दिला. तो फुटला तोही तसाच, तिरका.

लाकूड वाळताना पडलेली भेग तंतूंच्या वाटेनेच जाते. फळीने पहिल्याच दिवशी आपले तंतू कुठे चाललेत ते लिहून दाखवलं होतं. मी ते लिहिलेलं करवतीने कापून फेकलं आणि उरलेल्या भागात पिना खुपसून हिरवा दिवा बघत बसलो.

मला चकवलं ते रुंद बाजूवरच्या सरळ रेषांनी. त्या वलयांच्या रेषा. वलय वेगळं आणि तंतू वेगळा, हे मी वाचलं होतं पण हाताला कळलं नव्हतं. खोडातली वलयं एकात एक घातलेल्या नळ्यांसारखी समजा. नळ्या सरळ असू शकतात आणि तरी त्यांच्या अंगावरचे तंतू दोरखंडाच्या पेडासारखे पीळ घेत चढलेले असू शकतात. अशा झाडाची फळी तिची रुंद बाजू वलयांना काटकोनात येईल अशी कापली तर ती बाजू साळसूद दिसते आणि खरी भानगड जाडीच्या बाजूवर असते. ॲशमध्ये तिथे सुईने ओरखडल्यासारख्या बारीक, तुटक रेघोट्या दिसतात. ती मघाचीच भोकं, लांबीच्या दिशेने दिसणारी. त्या रेघोट्या फळीच्या कडेला समांतर हव्यात. माझ्या फळीवर त्या तिरक्या होत्या आणि मी त्यांच्यावरून हात फिरवून ‘छान गुळगुळीत झालंय’ म्हणालो होतो.

तिरपीने किती बिघडतं? सरळ तंतूंच्या लाकडाची वाकताना टिकण्याची ताकद १०० धरली, तर वीसाला एक तिरपीवर साधारण ९३ उरते, दहाला एकवर ८१ आणि पाचाला एकवर ५५. झटक्याचा मार सोसण्याची ताकद याहून वेगाने घसरते. टेबलाच्या पायाला हे चालून जाईल. धनुष्य मात्र लाकडाला त्याच्या सोसण्याच्या काठावर नेऊनच काम करून घेतं, तिथे वीस टक्के कुठून आणणार? (लाकूड वाकडं असणं ही निराळी गोष्ट. आख्खं दांडकं नागमोडी असलं आणि पाठ एकाच वलयावर, तंतू न कापता राखली, तर वाकडं धनुष्यही टिकतं.)

दुसरी फळीही ॲशचीच घेतली. या वेळी मीटर घरी ठेवून गेलो. चार फळ्या नाकारल्या. दोन रेघोट्यांवरून. एकीला मधोमध टाचणीच्या डोक्याएवढी गाठ होती आणि तंतू तिला वळसा घालून जात होते. चौथीवर शंका होती, म्हणून रंधलेल्या कोपऱ्यावर पेनातल्या शाईचा थेंब सोडला. शाई तंतूंच्या वाटेने पसरते. ती तिरकी पसरली. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होता, पण पैसे माझे होते. पाचवी घरी आणून टोकाचा हातभर तुकडा काढला, फोडला. सरळ फुटला, दोन्ही भाग पुस्तकाच्या पानांसारखे.

त्याच तुकड्याची एक सारख्या जाडीची काडी करून तिच्यावर दहा समान खुणा केल्या आणि उंच अरुंद भांड्यात पाण्यात उभी सोडली. सहा खुणा बुडाल्या, पाणी सहावी-सातवीच्या मधोमध आलं. म्हणजे घनता पाण्याच्या साधारण ०.६५ पट, ॲशला शोभेशी. पाचपेक्षा कमी बुडाली असती तर बाहू बरेच रुंद ठेवावे लागले असते. पटकन वाचा मात्र, लाकूड पाणी पितं.

मग वाळवणं, आणि इथे मीटरचा खरा दोष सापडला. फळीला धनुष्याचा ढोबळ आकार दिला, टोकांना मेण लावलं (टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने निघतं आणि भेगा तिथेच पडतात) आणि रोज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवू लागलो. लांब लाकूड काट्यावर ठेवलं की आकडा झाकला जातो. त्यावर उपाय: आधी एक वाटी उपडी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, मग वाटीवर लाकूड तोलायचं. पहिल्या दिवशी ७४२ ग्रॅम. चौथ्या दिवशी मीटर म्हणाला ९, हिरवा दिवा. वजन मात्र रोज चार-पाच ग्रॅमने उतरतच होतं. माझ्या मीटरच्या पिना जेमतेम सहा मिलिमीटर आत जातात. वरचा पापुद्रा वाळला होता, गाभा ओला होता. तेविसाव्या दिवशी ६८९ वर काटा थांबला, पुढचा आठवडाभर हलला नाही. वजन थांबलं म्हणजे लाकूड हवेशी जुळलं. साधारण वीसेक अंशांना हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ६५ असेल तर १२ च्या, ८० असेल तर १६ च्या. तोच आकडा, एकही भोक न पाडता.

भोकांचं राहिलंच. धनुष्याच्या पाठीवर पिना कधीही खुपसू नका. पाठ ताणली जाते, आणि ताण बारीक जखम शोधतच असतो. मी आता फक्त मुठीच्या जाड भागात खुपसतो, जिथे लाकूड वाकत नाही. दोन्ही पिना तंतूंच्या ओळीत. आणि उबेत ठेवलेलं लाकूड गार झाल्यावरच मोजायचं, गरम लाकडाचा आकडा फुगून येतो.

दुसरं धनुष्य २८ इंच ओढायला ४० पौंडांचा जोर लागतो. चार महिने झाले, दोरी उतरवल्यावर वाक दोन सेंटीमीटर, तेवढा असायचाच. पोटावर एका जागी आडवी, केसासारखी एक रेघ आली आहे, दाबाने तंतू चुरडल्याची. ॲशला ती खोड आहे. तिच्यावर लक्ष आहे.

तारे तीन देतो. नव्या फळ्यांच्या ढिगासमोर उभं राहून कुठली ओली नि कुठली वाळलेली एवढं झटकन सांगायला मीटर चांगला आहे, आणि तेवढं तो इमानाने सांगतो. एक तारा त्या दिव्यापायी कापलाय, त्याच्यावर मी काळी चिकटपट्टी लावलीय. दुसरा कुरिअरच्या खर्चापायी. गेल्या आठवड्यात मीटर काढला तर बॅटरी गेलेली. कधी गेली ते सांगता येणार नाही, मधल्या काळात वजन काट्यावरच चाललं होतं.