पंप काढून टाकलेली फवारणीची बाटली: उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

दोन लिटरची साधी प्रेशर स्प्रेची बाटली घेतली, तिच्यातला हाताने मारायचा पंप काढला, त्या जागी गाडीच्या चाकाचा व्हॉल्व्ह बसवला आणि हवा भरायला टायर इन्फ्लेटर (टायरमध्ये हवा भरायचं चार्जिंगवरचं छोटं यंत्र) ठेवला. रचना एवढीच आहे. नाशिकमध्ये आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात ही बाटली तयार केली. त्यानंतर पावसाळा आणि जवळजवळ सगळा हिवाळा तिच्यावरच बाग सांभाळली. आता तिच्याबद्दल ठामपणे लिहिण्याइतका वापर झाला आहे.

हे करायचं कारण आईचे हात. बाग तिची आहे. जास्वंद, वांगी, मिरची, टोमॅटो, दोडक्याचा वेल, लिंबू, कढीपत्ता, शिवाय अधूनमधून येणारी-जाणारी रोपं. तिच्या बोटांच्या सांध्यांत संधिवात आहे, आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड दर वर्षी न चुकता येते. घोडा दाबायच्या साध्या स्प्रे बाटलीतून एका दाबाला साधारण एक मिली पाणी येतं. म्हणजे लिटरभर निंबोळी अर्क मारायचा तर बोट हजार वेळा आवळायचं. तिला ते शक्यच नाही, आणि ठणठणीत माणूसही अर्ध्यात सोडून देतो. प्रेशर स्प्रेमध्ये बोटाची सुटका होते खरी, पण दांडा वरखाली करत राहावं लागतं. शिवाय बाटलीतला पंप म्हणजे इवलासा. त्याचा वायसर सुकला की नुसता दांडा हलतो, हवा आत जात नाही. आमच्या घरातल्या अशा बाटल्या बाद झाल्या त्या प्रत्येक वेळी पंपापायीच. टाकी, नळी, नोझल सगळं धडधाकट आणि पंप गेलेला. म्हणून वाटलं, सर्वात आधी बिघडणारा भाग बाटलीत हवाच कशाला?

पंप नको म्हटल्यावर दाब आणायचा कुठून, याचे बरेच मार्ग लोक सुचवतात. पाण्याच्या टाकीची नळी जोडा, हा पहिला. पण 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जेमतेम 1 बार होतो. गच्चीवरची टाकी डोक्याच्या वर हात-दोन हात, म्हणजे 0.2 बारही धड नाही. छान धुक्यासारखा फवारा यायला 2 बार लागतात, त्यासाठी टाकी सहा-सात मजले वर हवी. नळाला जोडून पाण्याच्या ओढीने औषध खेचणाऱ्या बाटल्याही याच कारणाने गच्चीवर रडतात. तळमजल्याच्या अंगणात, नळाला चांगला जोर असेल तर त्या उत्तम.

दुसरा मार्ग खायचा सोडा आणि व्हिनेगर. हा मी मनापासून नको म्हणेन. 84 ग्रॅम सोड्यातून साधारण 24 लिटर वायू निघतो. बाटलीत लिटरभर मोकळी जागा असेल तर 2 बारसाठी 7 ग्रॅमच्या आसपास सोडा पुरे. म्हणजे हात सैल सुटून चमचा-दीड चमचा जास्त पडला की दाब दुप्पट, आणि एकदा झाकण लावलं की तो थांबवायची सोय नाही. वर औषधाचा आंबटपणा बदलतो तो वेगळाच.

राहिली बाहेरून भरलेली हवा. मोजता येते, थांबवता येते, सोडून देता येते.

आता बांधणीबद्दल, कारण या बाटलीचं सगळं यश तिथे आहे. कोल्ड्रिंकच्या बाटलीला बाजूने भोक पाडून व्हॉल्व्ह ओढून घ्यायची कल्पना बरेच जण वापरतात. ती बाटली बंद असताना साध्या तापमानाला आतला दाब 4 बारच्या आसपास असतो, तेव्हा ताकद तिच्यात आहे. पण ती अखंड बाटलीची ताकद. तिच्या भिंती कागदासारख्या पातळ, आणि दाब पेलणाऱ्या भिंतीलाच भोक पाडणं मला पटलं नाही. जुन्या प्रेशर स्प्रेची टाकी जाड असते, मुळात दाबासाठी घडवलेली असते आणि तिला जादा दाब सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीनेच बसवलेला असतो. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो त्या झाकणाला भोक तयारच असतं. तेच थोडं मोठं केलं. टाकीला कुठेही ड्रिल लागलं नाही.

व्हॉल्व्ह आणायला कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानात गेले. मी ट्यूबलेसचा नेहमीचा रबरी व्हॉल्व्ह मागितला, तर काकांनी झाकण हातात घेतलं, बोटाने जाडी पाहिली आणि म्हणाले, "ताई, हा नको. हा रिमच्या पत्र्यात फसून बसतो, प्लास्टिकमध्ये सरकेल. अलॉय चाकाला नटवाला येतो तो घ्या, दोन्ही बाजूंनी आवळता येतो." पितळी, खाली रुंद बूड, वर वायसर आणि नट. तो बसवला तो आजतागायत हललेला नाही.

एक गोष्ट मात्र करायलाच हवी. पंपाच्या सिलिंडरच्या तळाशी रबराची छोटी पाकळी असते, ती हवा आत जाऊ देते, परत येऊ देत नाही. ती काढून टाका. राहू दिली तर वरच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर फक्त सिलिंडरमधली हवा सुटते आणि टाकी भरलेलीच राहते. बाटली रिकामी झाली असं समजून झाकण फिरवलं तर ते हातातून उडेल. शिवाय पाकळी असेल तर मीटरवर दिसणारा दाब टाकीचा असेलच असं नाही. मूळ झाकण हवाबंदही नसतं, कारण दांडा त्यातून मोकळा फिरायचा असतो. म्हणून झाकणाखाली एक ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी घातली.

पहिली चाचणी पाण्याने करा, हवेने नको. बाटली काठोकाठ पाण्याने भरायची, हवेला जागाच ठेवायची नाही, आणि मग इन्फ्लेटर लावायचा. पाणी दबत नाही, त्यामुळे कुठे तडा गेला तर पिचकारी उडते आणि दाब क्षणात संपतो. तेच हवा भरलेली टाकी फुटली तर तुकडे उडतात. माझ्या बाटलीचा सेफ्टी व्हॉल्व्ह 40 पीएसआयच्या थोडं पुढे फुसफुसतो हे अशाच चाचणीत कळलं. रोजच्या वापरात मी 30 पीएसआयच्या, म्हणजे साधारण 2 बारच्या पुढे जात नाही.

खरी गंमत पाणी किती भरायचं यात आहे. आपल्याला सवय बाटली भरून घ्यायची, फेऱ्या वाचतात म्हणून. इथे उलटं आहे. या बाटलीत फवारा ढकलण्याचं काम वर राहिलेली हवा करते, आणि पाणी बाहेर जाईल तशी ती पसरत जाते, दाब पडत जातो. मीटरवर 2 बार म्हणजे बाहेरच्या हवेचा 1 बार धरून आत एकूण 3 बार. दोन लिटरच्या टाकीत दीड लिटर पाणी भरलं तर हवेला अर्धा लिटरच जागा उरते. त्यातून 250 मिली बाहेर पडेपर्यंत दाब मीटरवर 1 बारवर येतो, आणि माझ्या नोझलला त्याखाली बारीक फवारा जमत नाही, थेंब पडायला लागतात. अशाने दीड लिटर संपवायला चार वेळा हवा भरावी लागते. तेच एक लिटर भरलं तर पहिल्या हवेत अर्धा लिटर छान निघतं. पुन्हा 2 बार केले की उरलेलं अर्धा लिटर शेवटच्या थेंबापर्यंत चांगल्या दाबात येतं, कारण आता हवेला दीड लिटर जागा आहे. लिटरला दोन वेळा हवा, एवढाच हिशेब. बाटलीवर मी निम्म्यावर लाल चिकटपट्टी लावली आहे, आणि आई तिच्यावर एक थेंब जाऊ देत नाही.

अर्धी भरण्याचा आणखी एक फायदा नंतर लक्षात आला. कडुनिंबाचं तेल पाण्यात मिसळून राहत नाही, वर तरंगतं. लिटरला 5 मिली तेल आणि थोडा लिक्विड सोप घातला तरी काही मिनिटांनी थर वेगळा व्हायला लागतो. काठोकाठ भरलेली बाटली हलवली तर आत काही घुसळत नाही. अर्धी बाटली दोनदा हिसडली की पांढरट दुधी पाणी पुन्हा एकजीव होतं.

हवा भरायला दर वेळी दहा-पंधरा सेकंद लागतात. इन्फ्लेटरवर आकडा लावून ठेवला की तो आपोआप थांबतो. हे थांबणं महत्त्वाचं आहे, म्हणून आपोआप बंद न होणारा इन्फ्लेटर या कामाला घेऊ नका. मीटर असलेला सायकलचा फूट पंपही चालतो आणि लाइट नसली तरी अडत नाही. पंक्चरच्या दुकानातली किंवा पेट्रोल पंपावरची नळी मात्र या बाटलीला कधीच लावू नये. त्या कॉम्प्रेसरच्या टाकीतला दाब कितीतरी जास्त असतो आणि दोन लिटरची बाटली भरायला त्याला क्षणही लागत नाही.

एक बारीक गोष्ट सांगते. पेच फिरवून लावायचं तोंड असलेल्या इन्फ्लेटरची नळी काढताना थोडी हवा फुस्सकन जाते. गाडीच्या टायरला ते जाणवत नाही, कारण त्याच्या पोटात हवा भरपूर. इथे लिटरभर हवेतून तेवढी गेली तरी तीन-चार पीएसआयचा फरक पडतो. म्हणून आकडा 34 वर लावते, नळी काढल्यावर 30 उरतात. हवा किती आहे हे पुन्हापुन्हा मीटर लावून बघू नये, प्रत्येक बघण्यात थोडी हवा जाते. फवाऱ्याकडे बघून कळतं.

आता इतक्या महिन्यांच्या वापराने काय झालं ते. टाकी, नळी, घोडा यांना काही झालेलं नाही. पितळी व्हॉल्व्हवर हिरवट डाग आला, पुसला की जातो. त्रास झाला तो रबराचा. झाकणाखाली घातलेली साधी काळी ओ-रिंग पावसाळा संपेपर्यंत फुगली, मऊ झाली आणि नखाने खरवडलं तर चिकट निघायला लागली. कारण कडुनिंबाचं तेल. साध्या रबराला तेल सोसत नाही. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडून नायट्राइल रबराच्या रिंगा आणल्या, त्याच्या दुकानात पेटीभर पडलेल्या असतात. तेव्हापासून गळती नाही. व्हॉल्व्हमधली पिनही तेलाने चिकट होते. व्हॉल्व्ह कीने बाहेर काढून साबणाच्या पाण्यात धुतली की झालं, आणि अगदीच गेली तर नवी पिन कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळते. या रचनेचा मला सर्वात आवडलेला गुण हाच. जो भाग झिजेल तो गल्लीत मिळतो.

हिवाळ्यात नाशिकची थंडी तेलाला भोवते. सकाळी तेलाची बाटली लोण्यासारखी गोठलेली असते. तसंच ढवळून घातलं तर नोझलमध्ये कण अडकतात आणि फवारा एका बाजूला वाकडा जातो. तेलाची बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची, तेलात साबण मिसळायचा आणि मग कोमट पाणी थोडं थोडं घालत जायचं. निंबोळी अर्क करत असाल तर लिटरला 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून सकाळी मलमलच्या कापडातून गाळा, तेही दुहेरी. चहाची गाळणी इथे काही कामाची नाही. शेण-गोमूत्राचं जीवामृत या बाटलीतून मारायच्या फंदात पडू नका, कितीही गाळलं तरी नोझल बसतं. ते तांब्याने मुळाशीच घालावं. भुरीवर (पानांवर पांढरी भुकटी धरणारा रोग) आंबट ताक मात्र चांगलं गाळून, पाणी घालून चालतं. नंतर साध्या पाण्याचा फवारा मारून नळी धुवायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास येतो.

पिठ्या ढेकणावर बाटलीचा परिणाम स्पष्ट दिसला, आणि त्याचं श्रेय औषधाइतकंच हाताच्या मोकळेपणाला आहे. कीड पानाच्या मागे आणि फांदीच्या बेचक्यात बसते. एका हाताने घोडा धरून ठेवला की फवारा सलग चालू राहतो, दुसऱ्या हाताने पान उलटं करता येतं. दांडा मारणं किंवा बोट आवळणं यात हात गुंतला की आपण पानाच्या वरच्या अंगावरच मारून मोकळे होतो. आई आता संध्याकाळी, ऊन उतरल्यावर आणि मधमाश्या गेल्यावर स्वतः फवारते. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "अगं, बोटं दुखत नसतील तर मी रोज मारीन की!" रोजची गरज नाही, आठवड्यातून एकदा पुरे, हे तिला समजवायला मला वेळ लागला.

सुरक्षेचं थोडं. हवा भरताना चष्मा लावा आणि तोंड बाटलीवर आणू नका. उघडण्याआधी बाटली उभी धरून पिन दाबा आणि आवाज पूर्ण थांबू द्या. आडवी धरली तर हवेऐवजी तेलाचं पाणी तोंडावर उडतं. भरलेली बाटली उन्हात ठेवू नका. उन्हाने आतला दाब फारसा वाढत नाही, 25 अंशांवरून 45 वर गेलं तरी आतल्या एकूण 3 बारचे 3.2 होतात. पण गरम प्लास्टिक नरम पडतं आणि महिनोन्महिने ऊन खाल्लेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. काम झालं की हवा सोडून सावलीत ठेवायची. टाकीवर पांढरट रेघा किंवा बारीक चिरा दिसल्या की ती टाकी निकालात काढायची, व्हॉल्व्ह नव्या टाकीला लावायचा.

उणिवा आहेत. इन्फ्लेटर गच्चीवर न्यावा लागतो, त्याचं चार्जिंग बघावं लागतं आणि आवाज चांगलाच होतो, सकाळी सहाला शेजाऱ्यांना नकोसा होईल असा. त्याच्या नळीचं तोंड पेच फिरवून लावणं आईच्या बोटांना अजूनही जड जातं, ते काम मी किंवा भाऊ करतो. दाबून अडकणारं तोंड मिळतं, ते लावून बघायचं आहे. घरी गाडीसाठी इन्फ्लेटर आधीच असेल तर नवा खर्च किरकोळ, पण केवळ यासाठी विकत घेणार असाल तर पाच-सात कुंड्यांसाठी तो परवडत नाही, तिथे साधी घोड्याची बाटली बरी. वीस-पंचवीस कुंड्यांच्या पुढे, किंवा घरात कुणाचा हात दुखत असेल तर, जुनी प्रेशर बाटली फेकायच्या आधी तिचं झाकण घेऊन एकदा पंक्चरच्या दुकानात जाऊन या.