डिस्क बसवल्यावर मऊ झालेलं पॅडल: जीपच्या ब्रेकचा आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या १९९४ सालच्या डिझेल जीपचे पुढचे ड्रम ब्रेक काढून गेल्या मे महिन्यात डिस्क ब्रेक बसवले. त्याला आता आठ महिने झाले, सात हजारांच्या आसपास किलोमीटर झाले. राहायला साताऱ्यात, त्यामुळे पसरणी आणि आंबेनळी हे घाट कायमचे. डिस्क बसवावेत का, असं कोणी विचारलं तर मी लगेच हो म्हणतो. पण पहिले तीन आठवडे ही गाडी घाटात न्यायची माझी हिंमत नव्हती. त्या तीन आठवड्यांबद्दलच जास्त लिहितो, कारण नवे ब्रेक बसवून मऊ पॅडल घेऊन फिरणारे बरेच जण मला भेटले आहेत.

बदल का केला ते थोडक्यात. महाबळेश्वर जवळपास साडेतेराशे मीटरवर, तिथून आंबेनळीने उतरलं की पोलादपूर थेट कोकणात. दुसऱ्या गिअरवर उतरलं तरी अर्ध्या वाटेत ड्रम तापायचे, पाय जड करावा लागायचा. पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की गाडी एका बाजूला ओढायची. म्हणून पुढे डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटीत धरणारा भाग), दोन सर्किटचा नवा मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा) आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) असं एकदमच करून घेतलं. बूस्टरला व्हॅक्यूम लागतो आणि डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळीत) तो पेट्रोल गाडीसारखा तयार होत नाही. त्यामुळे मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटरही बसवावा लागला. हा खर्च आधीच धरून ठेवा. जुना ड्रमचा मास्टर मात्र ठेवू नका. अशा बऱ्याच मास्टरमध्ये ऑइलच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो चालतो, डिस्कला त्यामुळे पॅड घासत राहतात आणि तापतात.

गाडी हातात आली आणि पहिल्याच चौकात पोटात गोळा आला. पॅडल निम्म्याच्या खाली जायचं आणि तिथेही ओल्या गादीवर पाय ठेवल्यासारखं लागायचं. दोनदा पंप केलं की वर यायचं. गॅरेजमध्ये तीन वेळा ऑइलमध्ये अडकलेली एअर काढली, दीड लिटर ब्रेक ऑइल गेलं, फरक शून्य. शेवटी मिस्त्री म्हणाले, "डिस्कचं पॅडल असंच असतं, सवय होईल." हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. बूस्टरमुळे पॅडल हलकं होतं, हे खरं. इंजिन बंद ठेवून, उरलेला व्हॅक्यूम दोन-चार वेळा दाबून काढून टाकला की पॅडल दगडासारखं लागलं पाहिजे. माझं तेव्हाही मऊच होतं.

मग एका रविवारी शांतपणे बसलो. तेव्हा लक्षात आलं, की आपण सगळ्यालाच "स्पंजी" म्हणतो, पण त्यात तीन वेगळे आजार असतात. पॅडल खोल जातं पण शेवटी टणक लागतं, ते लायनर (ड्रमच्या आत घासणारे) ड्रमपासून किंवा पॅड डिस्कपासून लांब राहिल्यामुळे. पाय दाबू तसं रबरासारखं दबत जातं, ते लाइनमध्ये हवा असल्यामुळे किंवा होज (ऑइलची रबरी नळी) फुगत असल्यामुळे. आणि दाबून धरलं की हळूहळू खाली बसतं, तिथे मास्टरचे सील गेलेले असतात नाहीतर कुठेतरी गळती असते. माझ्या गाडीत पहिले दोन्ही एकत्र होते. म्हणून नुसती एअर काढून काही हाती लागत नव्हतं.

जीपला होज पाइप तीनच. पुढे दोन आणि मागच्या अॅक्सलवर मधोमध एक. गुळगुळीत जबड्याचे क्लॅम्प आणून तिन्ही होज दाबून बंद केले. (साधी पक्कड लावू नका, आतलं रबर फाटतं.) पॅडल वरच्या वर टणक! म्हणजे मास्टर आणि बूस्टर दोन्ही ठीक. मागचा क्लॅम्प सोडला, पॅडल दोन बोटं खाली गेलं पण टणकच राहिलं. मागचा क्लॅम्प परत लावून पुढचा एक सोडला तर मऊ, दुसरा सोडला तरी तितकंच मऊ. वीस मिनिटांत दुखणं कुठे आहे ते कळलं.

चाकं काढून बघतो तर दोन्ही कॅलिपरचे निपल (एअर काढायचे छोटे बोल्ट) खालच्या बाजूला! डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. बोल्ट दोन्हीकडे बसतात, म्हणून बसवताना काही वेगळं जाणवत नाही. पण हवा नेहमी वर चढते. निपल सगळ्यात उंच जागी नसेल तर खालून कितीही ऑइल काढा, वरचा बुडबुडा तिथेच राहतो. कॅलिपरची अदलाबदल केली, कॉपर वॉशर नवे घातले आणि मुलीला पॅडलवर बसवलं. मी खालून ओरडायचो, "मार, मार, धर!" मग निपल उघडायचा, बंद करायचा आणि तेव्हाच "सोड." पहिल्याच दोन फेऱ्यांत डाव्या बाजूने हवेचा असा फेस आला, की पारदर्शक नळीत ऑइल दिसेना. डब्यातली पातळी मध्येमध्ये बघत राहा. ती खाली गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मागचे लायनर तर कोणी सेट केलेच नव्हते. पुढचं काम चालू असताना मागे कोण बघतो? चाक जाम होईपर्यंत अॅडजस्टर आवळला आणि हलकं घासेल इतपत सैल केला. पॅडल तिथेच दोन बोटं वर आलं. तरी थोडा मऊपणा उरला होता. मुलीने पॅडल दाबलं तेव्हा पुढचा जुना होज माझ्या मुठीत फुगताना स्पष्ट जाणवला. तिन्ही होज नवे घातले, साधे रबराचेच. स्टीलच्या जाळीचे घ्यायची मला गरज वाटली नाही.

पुढचे महिने एकदम सुरळीत गेले असं नाही. पावसाळ्यात मात्र डिस्कची खरी किंमत कळली. पाण्यातून गाडी काढली की एक-दोन दाबांत ब्रेक पूर्ववत. सप्टेंबरात खड्ड्यांचा रस्ता झाला की पहिलं पॅडल पुन्हा खोल जायला लागलं आणि मी धसकलो. यावेळी हवा नव्हती. पुढच्या डाव्या हबच्या बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आला होता, त्यामुळे डिस्क डगमगून पॅडना मागे ढकलत होती. बेअरिंग आवळलं, पॅडल जागेवर आलं. नोव्हेंबरात उजवीकडचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला दिसला. कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लाइड पिन अडकत होती. साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लावलं. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस तिथे लावू नका, रबर फुगतं.

ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं वापरतो. नवं असताना ते किमान २३० अंशांना उकळायला हवं, पण हवेतलं पाणी शोषून घेतल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि त्या क्षणी पॅडल रिकामं पडतं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलायचं ठरवलं आहे आणि सील न फोडलेली छोटी बाटलीच घेतो. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

डिसेंबरात चार माणसं आणि सामान घेऊन आंबेनळी उतरलो. पोलादपूरला चहाला थांबलो तेव्हा पॅडल घरून निघताना होतं तिथेच होतं. मागच्या सीटवर आई झोपली होती. जुन्या ब्रेकवर या घाटात ती कधी डोळा मिटत नसे.